ट्यूब ॲम्पच्या इनपुट जॅकची वायरिंग सोपी करताना या चुका टाळा

घरी गिटारचा ट्यूब ॲम्प बांधणारे बरेच जण फेंडरच्या १९५०च्या दशकातील ५एफ१ चॅम्पच्या सर्किटपासून सुरुवात करतात. १२एएक्स७, ६व्ही६ आणि रेक्टिफायरची (एसीचे डीसी करणारी) ५वाय३ अशा तीनच ट्यूबांवर चालणाऱ्या या ॲम्पला इनपुटचे जॅक मात्र दोन असतात. घरात एकटीच गिटार वाजवणाऱ्याला दुसऱ्या जॅकची गरज सहसा पडत नाही आणि लहानशा चासीत (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्यात) त्याच्या वायरी बसवणे जिकिरीचे होते, म्हणून वायरिंग सोपी करण्याचा विचार रास्तच आहे. अडचण येते ती जॅकबरोबर त्याची कामेही काढून टाकली जातात तेव्हा.

मूळ रचना आधी नीट समजून घ्यावी. तिच्यात ६८ किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि १ मेगओहमचा एक रेझिस्टर असतो. पहिल्या जॅकमध्ये गिटार लावली की दुसऱ्या जॅकच्या स्विचमधून (प्लग नसताना जुळलेल्या संपर्कातून) सिग्नल दोन्ही ६८ किलोओहमना समांतर मिळतो, म्हणजे ग्रिडच्या (ट्यूबमधील सिग्नल घेणाऱ्या टोकाच्या) वाटेत प्रत्यक्षात ३४ किलोओहम येतात. दुसऱ्या जॅकमध्ये लावली, तर पहिल्या जॅकचा स्विच जमिनीला (सर्किटच्या ग्राउंडला) टेकलेला असल्यामुळे तेच दोन रेझिस्टर सिग्नल निम्मा करतात आणि गिटारला १ मेगओहमऐवजी जेमतेम १३६ किलोओहमचा भार दिसतो. या दुसऱ्या, म्हणजे ‘लो’, इनपुटचा आवाज दबका का लागतो, याचे उत्तर यातच आहे. (दोन्ही इनपुटांचा आवाज जवळजवळ सारखाच येत असेल, तर पहिल्या जॅकच्या स्विचचा संपर्क जुळत नाही असे समजावे.)

एक जॅक ठेवल्यावरही तीन कामे शिल्लक राहतात: प्लग नसताना इनपुट जमिनीला टेकवणे, ग्रिडला जमिनीशी कायमची वाट देणे आणि नको असलेल्या रेडिओ लहरी ग्रिडच्या दारात अडवणे. यांसाठी स्विचचा एक जॅक, १ मेगओहमचा एक रेझिस्टर आणि ३३ किंवा ६८ किलोओहमचा एक रेझिस्टर एवढे साहित्य पुरते. मी ३३ किलोओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर पसंत करतो, कारण तो मूळच्या ३४ किलोओहमच्या जवळ आहे आणि त्याची स्वतःची खरखर ६८ किलोओहमपेक्षा कमी असते.

सर्वांत फसवी चूक म्हणजे १ मेगओहमचा रेझिस्टर वगळणे. तो नसतानाही ॲम्प उत्तम वाजतो, कारण गिटारमधील पिकअप आणि व्हॉल्यूमचा पॉट ग्रिडला जमिनीची वाट देतात. प्लग काढल्यावर जॅकचा स्विच तेच काम करतो. त्यामुळे दोष महिनोन्महिने लपून राहतो. केबल ॲम्पमध्ये ठेवून गिटारच्या बाजूने काढली, की ग्रिड अधांतरी राहते आणि ॲम्प घरघरतो किंवा आवाज घुसमटतो. दोष शोधणारा अशा वेळी केबललाच नावे ठेवतो. हा रेझिस्टर जॅकच्या टिप (सिग्नल) आणि जमीन या दोन टॅगांवर सरळ सोल्डर करावा.

दुसरी चूक रेझिस्टरच्या जागेची आहे. ६८ किलोओहमचा रेझिस्टर जॅकवर सोल्डर करून तिथून ट्यूबपर्यंत लांब वायर नेली, तर ती वायर अँटेनाचे काम करते. पुणे आकाशवाणीचे ७९२ किलोहर्ट्झवरील मध्यम लहरींचे प्रक्षेपण शहरात सहज पोहोचते आणि बुधवार पेठेतील एका जुन्या घरात मी बांधलेल्या पहिल्याच ॲम्पमधून सकाळच्या बातम्या स्पष्ट ऐकू आल्या होत्या. रेझिस्टर ट्यूबच्या सॉकेटच्या २ क्रमांकाच्या (ग्रिडच्या) पिनला, त्याची तार अगदी आखूड ठेवून, जोडल्यावर त्या थांबल्या. ट्यूबची ग्रिड आणि प्लेट (सिग्नल बाहेर देणारे टोक) यांमधील अंगभूत धारकता (कपॅसिटन्स) ॲम्प्लिफिकेशनमुळे कितीतरी पटींनी वाढून साधारण १०० ते १५० पिकोफॅरडची होते आणि ६८ किलोओहमबरोबर ती सुमारे २० किलोहर्ट्झच्या वरच्या लहरी कमी करत जाते. कानाला ऐकू येणारा भाग त्यातून जवळपास शाबूत राहतो. शिल्डेड वायर वापरायचीच असेल, तर ती जॅक आणि या रेझिस्टरच्या दरम्यान असावी. रेझिस्टरच्या पुढे वापरल्यास तिची धारकता तीव्र स्वर खाऊ लागते. तिची जाळी फक्त जॅकच्या टोकाला जमिनीशी जोडावी आणि दुसऱ्या टोकाला कापून त्यावर स्लीव्ह चढवावी.

टॅगांची अदलाबदल नेहमी होते, कारण पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत, मिळणाऱ्या निरनिराळ्या जॅकांचे टॅग एकाच क्रमाने नसतात. टिपची वायर चुकून स्विचच्या टॅगला गेली, तर प्लग लावताच सिग्नल तुटतो. अंदाज करू नये. ॲम्प बंद करून मल्टिमीटर टिप आणि जमीन यांच्यात धरावा: प्लग नसताना शून्य ओहम आणि दुसरे टोक मोकळे असलेली केबल लावल्यावर सुमारे १ मेगओहम, हे दोन आकडे आले तर जॅक बरोबर आहे. पावसाळ्यानंतर स्विचची पाती काळवंडतात आणि शून्याऐवजी भलताच आकडा दिसतो. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो.

जमिनीच्या जोडणीत घाई करू नये. धातूचा जॅक नट आवळताच चासीला टेकतो. सर्किटची जमिनीची वायर जॅकवर आणून पुन्हा दुसरीकडेही चासीला जोडली, तर वर्तुळ तयार होते आणि त्यात ट्रान्सफॉर्मरच्या प्रभावाने ५० हर्ट्झची घरघर शिरते. सर्किटची जमीन चासीला एकाच ठिकाणी, इनपुट जॅकजवळ, मिळावी. जॅक प्लॅस्टिकचा असेल किंवा चासीला रंग दिलेला असेल, तर ही जोडणी आपोआप होत नाही. रंग खरवडून ती वेगळी करावी लागते.

२३० व्होल्टच्या केबलमधील अर्थिंगची हिरवी वायर मात्र चासीवर स्वतंत्र बोल्टने, पक्की बसवावी. घरघर थांबवण्यासाठी ती सोडवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. गिटारच्या तारा जॅकच्या जमिनीमार्फत चासीशी जोडलेल्या असतात, म्हणून चासीवर फेज उतरला तर तो वाजवणाऱ्याच्या बोटांत येतो. पेठांतील जुन्या वाड्यांत तीन पिनांचा सॉकेट दिसला तरी त्यामागे अर्थिंग असेलच असे नाही. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्यावे. जॅकवर काम करतानाही आतल्या फिल्टर कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा अधिक दाब उरलेला असू शकतो. प्लग भिंतीतून काढून कंडेन्सर योग्य रेझिस्टरमधून रिकामे करावेत आणि मीटरवर दाब शून्याजवळ आल्याचे पाहूनच हात आत घालावा.