अनेक वर्षे संघ सांभाळलेल्या कॉलेज हॉकी प्रशिक्षकाचा उत्तराधिकारी कसा निवडावा

अमेरिकेतील कॉलेज आइस हॉकीत एकाच मुख्य प्रशिक्षकाने दोन-तीन, क्वचित चार दशके संघ सांभाळल्याची उदाहरणे बरीच आहेत. बोस्टन युनिव्हर्सिटीत जॅक पार्कर १९७३ ते २०१३, मिशिगनमध्ये रेड बेरेन्सन १९८४ ते २०१७ आणि बोस्टन कॉलेजात जेरी यॉर्क १९९४ ते २०२२ या काळात पदावर होते. असे पद रिकामे होते तेव्हा निवड समितीचा ओढा अगदी तसाच माणूस शोधण्याकडे असतो, आणि माझ्या मते निवडीची दिशा तिथेच चुकते.

उमेदवारांची नावे काढण्याआधी जुने प्रशिक्षक प्रत्यक्षात काय काय करत होते, याची नोंद करावी. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर अशी कितीतरी कामे आलेली असतात जी कोणत्याही नियुक्तिपत्रात लिहिलेली नसतात: माजी खेळाडूंना धरून ठेवणे, देणगीदारांकडे शब्द टाकणे, एखाद्या मुलाचे अभ्यासात लक्ष नाही हे प्राध्यापकांच्या आधी ओळखणे, एनएचएल या व्यावसायिक लीगमधल्या क्लबने निवडलेला खेळाडू आणखी एक वर्ष कॉलेजात राहावा म्हणून त्या क्लबशी बोलणे. क्रीडा संचालकांनी त्यांच्यासोबत निवांत बसून ही कामे एकेक करून लिहून घ्यावीत आणि प्रत्येकापुढे ते यापुढे कोण करणार हे नमूद करावे. त्यातली निम्मी कामे सहायकांकडे किंवा कार्यालयाकडे देता येतात. उरलेली ज्याला जमतील असा माणूस हवा, आणि समितीने शोधायचा तो हाच.

वेळेचे भान आता पूर्वीपेक्षा जास्त ठेवावे लागते. राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा टप्पा, म्हणजे शेवटच्या चार संघांचा फ्रोझन फोर, एप्रिलमध्ये होतो आणि बहुतेक निवृत्त्या त्याच्या आसपास जाहीर होतात. मुख्य प्रशिक्षक बदलला की खेळाडूंना ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्यांच्या अधिकृत यादीत) नाव देण्यासाठी वेगळी मुदत मिळते, आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा कॉलेज बदलले तरी लगेच खेळता येते. शिवाय १ ऑगस्ट २०२५ पासून कॅनेडियन हॉकी लीग या कॅनडातील प्रमुख ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यांनाही डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, प्रवेश खुला झाल्याने चांगल्या खेळाडूंसाठीची चढाओढ आणखी वाढली आहे. म्हणून संभाव्य नावांची यादी हंगाम चालू असतानाच, गाजावाजा न करता तयार ठेवावी. निवृत्ती जाहीर होईल त्याच दिवशी संघातल्या प्रत्येक खेळाडूशी आणि पुढच्या वर्षी येण्याचे कबूल केलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी कोण बोलणार, हेही आधीच ठरवावे. ही बातमी त्यांना दुसऱ्या कॉलेजच्या प्रशिक्षकाकडून कळता कामा नये.

घरचा माणूस घ्यावा की बाहेरचा, यावर समित्या फार वेळ घालवतात. बोस्टन कॉलेजने यॉर्क यांच्यानंतर ग्रेग ब्राउन यांना नेमले. ते तिथलेच माजी खेळाडू आणि २००४ ते २०१८ या काळात यॉर्क यांचे सहायक. पण मधल्या वर्षांत त्यांनी एनएचएलच्या न्यूयॉर्क रेंजर्समध्ये सहायक म्हणून काम केले आणि नंतर आयोवातील डुब्यूक शहराचा ज्युनियर संघ स्वतः चालवला. त्यांच्या दुसऱ्याच हंगामात, २०२४ मध्ये, संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला. मिशिगनने बेरेन्सन यांच्यानंतर निवडलेले मेल पिअर्सन यांची वाटचालही वरवर तशीच होती: मिशिगनमध्ये प्रदीर्घ काळ सहायक, मग मिशिगन टेक या दुसऱ्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक. त्यांच्या पहिल्याच हंगामात संघ फ्रोझन फोरमध्ये पोहोचला. तरीही संघातील वातावरणाबद्दलच्या तक्रारींची बाहेरच्या कायदेविषयक संस्थेने चौकशी करून अहवाल दिल्यानंतर, ऑगस्ट २०२२ मध्ये विद्यापीठ आणि ते वेगळे झाले. कागदावर सारख्या दिसणाऱ्या या दोन निवडींची परिणती इतकी वेगळी झाली, यावरून मला वाटते की घरची माहिती आणि बाहेर स्वतंत्रपणे संघ चालवल्याचा अनुभव या दोन्ही गोष्टी हव्यातच, पण तेवढ्यावर भागत नाही. उमेदवाराने स्वतः दिलेल्या नावांपलीकडे जाऊन त्याच्या आधीच्या संघातील फिजिओ, साहित्य सांभाळणारे कर्मचारी, महिला सहकारी आणि विशेषतः ज्यांना फारसे खेळायला मिळाले नाही असे खेळाडू यांच्याशी समितीने बोलावे. पुढे गोपनीय ठेवले जाईल असे आश्वासन दिले, तर ही माणसे मोकळेपणाने सांगतात.

मुलाखतीत खेळाविषयीच्या तत्त्वज्ञानावर भाषण ऐकत बसू नये. उमेदवारासमोर तुमच्याच संघाने गमावलेल्या एखाद्या सामन्याच्या तिसऱ्या सत्राचे चित्रण लावावे आणि कुठे थांबवायचे ते त्यालाच ठरवू द्यावे. तो गोलरक्षकाच्या चुकीवर थांबतो, की त्याआधी थकलेली फळी (एकत्र खेळणारे आघाडीचे खेळाडू) बदलीसाठी बर्फावरून वेळेत बाहेर आली नाही तिथे थांबतो, यावरून त्याची नजर कळते. मग विचारावे: ‘सोमवारच्या सरावात तुम्ही यातले काय घ्याल, आणि या मुलाशी काय बोलाल?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक लक्षपूर्वक ऐकावे.

नेमणुकीच्या करारासोबतच निवृत्त प्रशिक्षकांचे पुढचे स्थान लेखी ठरवावे: त्यांना कार्यालय असेल का, सरावाला ते येतील का, देणगीदारांशी कोणत्या नात्याने बोलतील. त्यांचा मान राखण्यासाठीच हे स्पष्ट असावे. नव्या माणसाला वेळही करारातच द्यावा. बोस्टन युनिव्हर्सिटीत पार्कर यांच्यानंतर आलेल्या डेव्हिड क्विन यांच्या पहिल्या हंगामात संघाने १० सामने जिंकले आणि २१ गमावले; पुढच्याच हंगामात तोच संघ राष्ट्रीय अंतिम फेरीत होता. त्यामुळे पहिल्या वर्षीचे मूल्यमापन जय-पराजयावर न करता संघात किती खेळाडू टिकले, नवे कोण आले आणि अभ्यासाची स्थिती कशी आहे यावर होईल, हे समितीने माजी खेळाडूंना आणि देणगीदारांना नेमणुकीच्या दिवशीच कळवावे.