उन्हाळ्यात पाण्यात पळायचंय? मग घड्याळातल्या पल्सकडे पाहू नका

मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो, सकाळी सातलाच फुटाळा तलावाकाठी चटके बसतात, त्यात कोणाची नडगी दुखून राहिली असेल तर पळणं बंदच करायचं का? अजिबात नाही, स्विमिंग पूलमध्ये पळा. तलावात मात्र नको, अंबाझरीत तर नकोच.

पाणी छातीपर्यंत असलं की पायावर वजन जेमतेम एक तृतीयांश येतं, गळ्यापर्यंत असलं तर दहावा हिस्सा, आणि रस्त्यावर पळताना तेच पाऊल दर वेळी वजनाच्या दुप्पट-तिप्पट मार खातं, म्हणून दुखऱ्या पायाला पाणी चालतं. पण आराम आहे असं समजू नका, पाण्यात वेग दुप्पट केला की अडथळा चौपट होतो.

पोहता येत असेल तर कमरेला फ्लोटिंग बेल्ट बांधून खोल पाण्यात जा, तळाला पाय लागू देऊ नका, नसेल येत तर छातीइतक्या पाण्यातच थांबा. अंग किंचित पुढे, गुडघा समोर वर, मग पाय खाली आणि मागे ढकलायचा, मुठी सैल. बरेच जण तळहाताने पाणी ओढत पुढे सरकतात, मग पाय नुसतेच लोंबकळतात आणि मेहनत सगळी खांद्याची होते. पुढे कमी सरकलात तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. तेवढाच दम लागला तरी पाण्यात पल्स १०-१५ ने कमी दिसते. काऊन? तर पाण्याच्या दाबाने पायातलं रक्त छातीकडे येतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, शिवाय पाणी अंगातली उष्णता ओढून घेतं म्हणून कातडीकडे रक्त कमी पाठवावं लागतं. म्हणजे जमिनीवर १६५ येत असेल तर इथे १५० लाच तुम्ही तितकेच जोरात आहात, तेव्हा आकडा गाठायच्या मागे न लागता दमावर चाला. हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा, छातीकडे आलेलं हे रक्त हृदयाला जड जाऊ शकतं.

१० मिनिटं हळू, मग १ मिनिट असं जोरात की बोलताना दोन-तीनच शब्द निघतील, ३० सेकंद हळू, असं ८-१० वेळा. विश्रांती लांबवू नका, पाण्यात पल्स लगेच उतरते. आणि घाम पाण्यातही येतो बरं का, फक्त कळत नाही, काठावर बाटली ठेवाच.

दुसऱ्या दिवशी पाय फारसे ठणकणार नाहीत, कारण जमिनीवर आपटून ब्रेक मारायचं काम स्नायूंना पडलंच नाही. पण मार नाही म्हणजे हाडाला मजबुतीही नाही, पोटऱ्याही सवय विसरतात, म्हणून दुखणं नसेल तर आठवड्यात एक-दोनदा तरी जमिनीवर पळाच, आणि मोठ्या गॅपनंतर आधी मातीच्या ग्राउंडवर चालत-पळत सुरू करा, डांबरी रस्ता काही आठवड्यांनी.