कोणती परीक्षा कशासाठी? फायनान्शियल प्लॅनर होऊ पाहणाऱ्यांसाठी

२०१३ साली मी एका काकांना विमा पॉलिसी विकली. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून व्हीआरएस घेऊन ते नुकतेच घरी बसले होते. वय ५६, हातात अठरा लाख, राहायला लोकमान्यनगरात वन रूम किचन. पॉलिसीचा हप्ता वर्षाला एक लाख, तो दहा वर्षं भरायचा. मला विमा एजंटची परीक्षा पास होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पन्नास प्रश्न, तासाभराचा पेपर. काकूंनी चहा केला, काकांनी मी बोट ठेवीन तिथे सह्या केल्या आणि मी समाधानाने जिना उतरले. आपण काही चुकीचं केलंय असं मनातही आलं नाही.

तीन हप्ते भरून झाले आणि काकूंचं ऑपरेशन निघालं. मेडिक्लेम नव्हता. पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तेव्हा भरलेल्या तीन लाखांतले लाखाच्या आसपास परत आले. काका रागावले नाहीत. "पोरी, हे आधी सांगायला हवं होतंस गं," एवढंच म्हणाले.

पण आधी सांगायला मला ते ठाऊक तरी कुठे होतं? पगार थांबलेल्या माणसाचा घरखर्च आधी लावून द्यायचा, मग आजारपणाची सोय बघायची, सहा महिन्यांची रक्कम हाताशी ठेवायची आणि उरलं तर पुढचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. परीक्षेत त्यावर प्रश्नही नव्हता. ती परीक्षा विमा विकण्याच्या परवान्याची होती आणि तेवढ्यापुरती ती ठीकच आहे. मी मात्र त्या परवान्यावर लोकांना आयुष्यभराचा सल्ला देत सुटले होते.

म्हणून या क्षेत्रात येणारी मुलं जेव्हा विचारतात, "ताई, कुठली परीक्षा देऊ?", तेव्हा मी उलट विचारते की तुला करायचं काय आहे. विमा विकणं, म्युच्युअल फंडांचं वितरण करणं आणि फी घेऊन सल्ला देणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. त्यांचे परवाने वेगळे आणि जबाबदाऱ्याही वेगळ्या. नोकरीच्या जाहिरातीत मात्र तिन्हींना सरसकट 'फायनान्शियल प्लॅनर' म्हणून टाकतात आणि नवखा माणूस तिथेच फसतो.

सुरुवातीला बहुतेकांनी द्यावी ती एनआयएसएम (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स) या संस्थेची सिरीज फाइव्ह-ए, म्हणजे म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटरची परीक्षा. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेली ही संस्था आपल्या ठाणे-नवी मुंबईकरांच्या अगदी हाकेच्या अंतरावर आहे. कार्यालय वाशीत सेक्टर १७ मध्ये, मोठा कॅम्पस पाताळगंगेला. पेपरला शंभर प्रश्न, दोन तास, पासिंग ५० टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही. तुर्भ्याला नोकरी करत असताना मी ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने वाचून महिन्याभरात ती दिली. ऐरोली ते तुर्भे एक धडा, परतीला त्याचीच उजळणी. पास झालात की अ‍ॅम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेकडे नोंदणी करून एआरएन, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा नोंदणी नंबर, घ्यायचा. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. मुदत संपायच्या आत सीपीईचा, म्हणजे उजळणीचा, वर्ग केला नाही तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते, तेव्हा तारीख आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

आता पैशांचं स्पष्ट बोलते, कारण यावर कुणी बोलत नाही. डिस्ट्रिब्युटरची कमाई ट्रेल कमिशनवर असते. ग्राहकाने रेग्युलर प्लॅनमध्ये, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमार्फत, ठेवलेल्या रकमेवर फंड कंपनी दरवर्षी काही अंश टक्के देते. समजा ०.७० ते ०.८० टक्के. म्हणजे तुमच्याकडे एक कोटीचं एयूएम, म्हणजे ग्राहकांची तुमच्यामार्फत गुंतलेली एकूण रक्कम, जमलं तर वर्षाला सत्तर-ऐंशी हजार. महिन्याला सात हजारसुद्धा धड नाहीत. एक कोटी जमवायला नवख्याला दोन-तीन वर्षं सहज लागतात. ऑगस्ट २००९ पासून एंट्री लोड (पैसे गुंतवतानाच ग्राहकाकडून कापला जाणारा आकार) बंद आहे, २०१८ पासून सुरुवातीलाच एकरकमी मिळणारं अपफ्रंट कमिशनही गेलं. त्यामुळे पहिल्या वर्षी घर चालवायला दुसरी नोकरी हवी, हे घरच्यांना आधीच सांगा. मी सांगितलं नव्हतं आणि वर्षभर आईशी रोज वाद घातला.

याच काळातली आणखी एक गोष्ट. मी गोखले रोडजवळच्या एका प्रेसमधून कार्डं छापून घेतली होती, नावाखाली सोनेरी अक्षरांत 'वेल्थ अ‍ॅडव्हायजर'. २०२० च्या बदलांनंतर सेबीने स्पष्ट केलं की नुसत्या डिस्ट्रिब्युटरने स्वतःला अ‍ॅडव्हायजर म्हणवायचं नाही. 'इंडिपेंडंट फायनान्शियल अ‍ॅडव्हायजर' नाही, 'वेल्थ अ‍ॅडव्हायजर' नाही, तसलं कुठलंच नाव नाही. खोक्यात साडेतीनशे कार्डं उरली होती, ती एकेक करून फाडली. तेव्हा जाच वाटला. आज वाटतं की दारात येणाऱ्या माणसाला तुम्ही कमिशनवर काम करता की फीवर, हे नावावरूनच कळलं पाहिजे. कमिशन घेणं वाईट नाही, ते लपवणं वाईट.

मला खऱ्या अर्थाने घडवलं ते सीएफपीने, म्हणजे 'सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर' या प्रमाणपत्राने. १९६९ च्या डिसेंबरमध्ये शिकागोच्या एका हॉटेलात तेरा माणसं बसली आणि नुसतं विकण्यापलीकडे नियोजनाचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहावा, असं त्यांनी ठरवलं. १९७३ मध्ये पहिली बेचाळीस माणसं सीएफपी झाली. भारतात हे प्रमाणपत्र एफपीएसबी ही संस्था देते. एक गुंतवणूक, दुसरा निवृत्ती आणि कर, तिसरा जोखीम आणि वारसा, असे तीन स्वतंत्र टप्पे आहेत. त्यानंतर शेवटचा पेपर, ज्यात एका आख्ख्या कुटुंबाची माहिती हातात देतात आणि नियोजन करायला सांगतात. शिवाय अनुभवाची अट आणि आचारसंहिता. सीए किंवा सीएफए (गुंतवणूक विश्लेषकांचं प्रमाणपत्र) झालेल्यांना जवळची वाट आहे. नोकरी सांभाळून मला दोन वर्षं लागली. फी आपल्यासारख्याला जड जाते, म्हणून आधी फाइव्ह-ए करून, काम आवडतंय की नाही ते बघून मगच पैसे भरा.

त्या अभ्यासाने नेमकं काय बदललं ते सांगते. घणसोलीचं एक जोडपं, दोघंही तिशीतले, महिन्याचा खर्च चाळीस हजार. पूर्वी मी विचारलं असतं, "दरमहा किती टाकणार?" आता कागदावर पहिली ओळ लिहिते ती अशी: सहा टक्के महागाई धरली तर हेच चाळीस हजार अठ्ठावीस वर्षांनी दोन लाख चार हजार होतात, आणि तेही दरमहा. तो आकडा बघून नवरा गप्प झाला, बायकोने डायरी काढली. पुढची दोन तासांची चर्चा त्या एका ओळीवर झाली. किंवा हे घ्या, एफडीवर सात टक्के मिळतात म्हणून लोक खूश असतात. महागाई सहा टक्के असेल तर हातात खरी वाढ पडते ती एक टक्क्याहूनही कमी, आणि अजून कर कापायचाय. हे गणित दहावीच्या मुलालाही येईल. पण समोरच्या घराला ते लावून बघायची सवय अभ्यासानेच लागते.

वारशाचा भाग तर मी आधी कंटाळवाणा समजत होते. मग नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीचा पुनर्विकास निघाला. वडील गेलेले, फ्लॅटला आणि शेअर्सना नॉमिनी थोरला मुलगा. "नॉमिनी मी, म्हणजे सगळं माझं," असं तो ठामपणे म्हणत होता आणि धाकट्या बहिणीलाही ते खरंच वाटत होतं. नॉमिनी हा सहसा विश्वस्तासारखा असतो, मालक ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ पासून वेगळं आहे. तिथे जोडीदार, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांची स्वतःची होते. मी त्या भावंडांना एवढंच समजावलं आणि वकिलाकडे पाठवलं. कुठे थांबायचं आणि कुणाकडे पाठवायचं, हेसुद्धा शिकावं लागतं.

आता तिसरी पायरी, सेबीकडे इन्व्हेस्टमेंट अ‍ॅडव्हायजर म्हणून नोंदणी. २०१३ च्या नियमांखाली ती होते. त्यासाठी एनआयएसएमच्या टेन-ए आणि टेन-बी अशा दोन परीक्षा आहेत. फाइव्ह-ए सहज निघाली म्हणून या हलक्यात घेऊ नका. प्रत्येकी १५० गुण, तीन तास, पासिंग ६० टक्के आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी पाव हिश्श्याची कपात. केस स्टडीचे प्रश्न वेळ खातात. टेन-ए मला पहिल्या खेपेला निघाली नाही, कारण मी सुरुवातीच्या सोप्या प्रश्नांवर रेंगाळले आणि शेवटच्या केसेस अंदाजाने ठोकल्या. दुसऱ्या वेळी केसेस आधी सोडवल्या.

अडचण वेगळीच होती. मी साधी बी.कॉम. जुन्या अटींप्रमाणे पदव्युत्तर शिक्षण आणि पाच वर्षांचा अनुभव हवा होता, त्यामुळे सीएफपी असूनही दार बंद. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने अटी सैल केल्या. वाणिज्य, अर्थशास्त्र, व्यवस्थापन अशा विषयांतली पदवी चालू लागली, अनुभवाची अट गेली आणि नेटवर्थच्या, म्हणजे स्वतःच्या निव्वळ मालमत्तेच्या, अटीऐवजी ठेव आली. दीडशे ग्राहकांपर्यंत ती एक लाख रुपये. बी.कॉम. म्हणून मागे राहिलेल्या आपल्याकडच्या कितीतरी मुलामुलींसाठी ही मोठी गोष्ट आहे, तिचा फायदा घ्या. नियम बदलत असतात, अर्ज करण्यापूर्वी सेबीच्या वेबसाइटवर ताजं परिपत्रक वाचायचंच.

नोंदणी झाली की ज्या कुटुंबाला सल्ला देता, त्याच्याकडून फी घ्यायची आणि त्याच्या गुंतवणुकीवर कमिशन घ्यायचं नाही. निश्चित फीला कमाल मर्यादा आहे, कुटुंबामागे वर्षाला १ लाख ५१ हजार. आपल्याकडच्या पगारदार घरांत त्याच्या जवळपासही जायची वेळ येत नाही. लेखी करार, जोखीम घेण्याच्या तयारीची तपासणी, दिलेल्या सल्ल्याची नोंद, वर्षाला ऑडिट. कागदपत्रांचं ओझं मोठं आहे. पण मी काकांना २०१३ मध्ये काय सांगितलं होतं याचा माझ्याकडे एका ओळीचा पुरावा नव्हता, आणि त्यांच्याकडेही नव्हता. आज प्रत्येक सल्ल्याखाली 'का' हे लिहावं लागतं. लिहिताना हात अडला तर समजायचं की सल्ल्यातच काहीतरी कच्चं आहे.

सीएफएबद्दल सारखं विचारलं जातं म्हणून थोडक्यात. तीन लेव्हल्स आहेत, अभ्यास दांडगा आहे, फंड हाउस किंवा रिसर्चमध्ये जायचं असेल तर जरूर करा. घराघरांचं नियोजन करायला तिची गरज नाही.

प्रमाणपत्रांचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की मला ऐरोलीचा एक मुलगा आठवतो. फाइव्ह-ए नुकती पास झालेला, डोळ्यांत चमक. मी सगळ्यांना सांगते तसंच त्यालाही सांगितलं की आधी स्वतःच्या घरचे कागद आण. तो वडिलांची पॉलिसी घेऊन आला. वर्षाला पन्नास हजार, वीस वर्षं, शेवटी अंदाजे सतरा लाख. त्याने घरीच हिशेब केला होता. परतावा ४.८ टक्के, गणित बरोबर. "ताई, बाबांना उद्याच सरेंडर करायला सांगतो."

मी विचारलं, किती हप्ते भरून झाले? बारा. आज सरेंडर केली तर किती मिळतील? त्याने कंपनीकडून आकडा मागवला. साडेपाच लाख. मग आम्ही एक्सेलमध्ये नवं पान उघडलं. मागचं सगळं सोडून द्यायचं आणि फक्त आजपासून पुढचं मांडायचं. आज हातात येऊ शकणारे साडेपाच लाख सोडले, वर पन्नास हजारांचे आठ हप्ते भरले आणि आठ वर्षांनी सतरा लाख आले. बोनस आजच्यासारखाच मिळत राहिला असं धरून परतावा आला नऊ टक्क्यांच्या आसपास.

तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग सूत्र पुसून त्याने स्वतः पुन्हा टाइप केलं. उत्तर तेच आलं. बाहेर राम मारुती रोडवर दुकानं बंद व्हायला लागली होती. त्याने वडिलांना फोन लावला आणि म्हणाला, "बाबा, पॉलिसी चालू राहू दे. पण त्यात विमा कमी आहे, टर्म इन्शुरन्स वेगळा घ्यावा लागेल. आणि आईचा मेडिक्लेम आहे का आपल्याकडे?"