माडाखालची गाडी आणि विम्याचे जादा कवच

कायद्याने सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा. तुमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो भरपाई देतो. माडावरून नारळ पडून तुमचीच काच फुटली, तर छदामही नाही. आमच्या फोंड्याच्या अंगणात हे घडले, तेव्हा ‘ओन डॅमेज’ (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे कवच) घेतलेले होते म्हणून निभावले. गोव्यात गाडी बहुधा माडाखालीच उभी असते, त्यामुळे एवढे तरी घ्याच.

आता पाऊस. पणजीच्या मळा भागात पाणी तुंबते, गाडी अर्ध्या चाकापर्यंत बुडते. आतली गालिचे-वायरिंग ओन डॅमेजमध्ये येते. पण बुडालेली गाडी कोणी चावी फिरवून सुरू करायला गेले आणि इंजिनात पाणी ओढले गेले, की कंपनी हात वर करते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळे घ्यावे लागते. (ते घेतले तरी चावी फिरवू नका, टो करूनच न्या.)

‘झीरो डेप’ (म्हणजे घसारा न कापणारे कवच) नव्या गाडीला घ्यावे. साध्या पॉलिसीत बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांचे ५० टक्के पैसे घसारा म्हणून कापतात. जुन्या गाडीला मात्र हप्ता आणि फायदा ताडून बघा. चावी हरवल्याचे कवच मी तरी कधी घेतले नाही.

आणि खाजगी नंबराची गाडी पर्यटकांना भाड्याने देत असाल, तर त्या वेळी झालेल्या अपघाताचा क्लेम नाकारला जाऊ शकतो, कितीही जादा कवचे असली तरी.