देशोदेशीच्या मासेमारीचे आकडे काढताय? या चुका टाळा

नागपुरात समुद्र नाही, पण मासेमारीच्या आकड्यांवर प्रोजेक्ट करणारे पोट्टे दरवर्षी येतात, तेही सबमिशनच्या तोंडावर, आणि चुका त्याच त्याच.

सगळ्यात मोठी म्हणजे पकडलेला आणि पाळलेला मासा एकत्र मोजणं. मागे एकानं २०२२-२३ चे भारताचे १७५ लाख टन उचलले, चीनच्या मासेमारीशेजारी बार काढला आणि भारत जगात पहिला. परीक्षकांनी एवढंच विचारलं, "यात तलावातला किती?" पोरगा गप्प. अरे बाप्पा, त्यातले १३१ लाख टन समुद्राबाहेरचे, आणि बहुतेक पाळलेलेच, आपल्या बाजारात आंध्रातून बर्फात येतात ते रोहू-कतला तसेच तर असतात! एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या हिशोबात २०२२ ची नुसती मासेमारी बघा, भारत साधारण ५५ लाख टन, चीन १३२ लाख. मी आधी दोन वेगळे कॉलम करतो, मगच ग्राफ उघडतो. गूगलवरचा तयार चार्ट चिकटवायची घाई असेल तर हा विषय घेऊच नका.

दुसरी, दोन वर्षांवरून ट्रेंड सांगणं. पेरूचा आकडा पडला की लगेच "मासा संपला". तिथला अँचोवेटा हा छोटा मासा थंड पाण्यातला, एल निनोत, म्हणजे काही वर्षांनी प्रशांत महासागर तापतो तेव्हा, पाणी तापलं की तो खोल किंवा दक्षिणेकडे सरकतो, २०२३ ला तर पहिला हंगामच रद्द झाला होता. १९७० च्या आसपास वर्षाला १ कोटी टनांवर गेलेली ही मासेमारी १९७२-७३ ला कोसळली, तेव्हा एल निनो होता आणि उपसाही बेसुमार झालेला. म्हणून मी पाच वर्षांची सरासरी घेतो आणि अँचोवेटा वगळून एक वेगळी रेघ काढतोच. शिवाय तो बहुतेक फिशमील (माशांची भुकटी, जनावरांच्या-माशांच्या खाद्यासाठी) नि तेलात जातो, त्याला "ताजे मासे" लिहू नका.

चीनचा आकडा उतरला तर आधी नियम बघा, यांगत्से नदीत २०२१ पासून १० वर्षांची बंदी आहे.

१ मिलियन म्हणजे १० लाख, हे दरवेळी तपासा.

जहाजावर झेंडा ज्या देशाचा, मासा त्याच्या खात्यात, पाणी कोणाचं का असेना.

आपलं सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च, एफएओचं जानेवारी ते डिसेंबर, टेबलाखाली तसं स्पष्ट लिहा.