संस्थेत काढलेल्या वर्षांचे शपथपत्र: भरपाईच्या दाव्यासाठी ते कसे तयार करावे

बालगृहात, निवासी शाळेत किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या संस्थेत ज्यांनी आयुष्याची वर्षे काढली, त्यांनी नुकसानभरपाई मागितली की पहिली अडचण येते ती नोंदींची. नोंदवह्या संस्थेच्याच ताब्यात असतात आणि त्या अनेकदा हरवलेल्या, नष्ट झालेल्या किंवा मुळातच तुटपुंज्या असतात. आयर्लंडमध्ये मॅग्डलेन लाँड्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे स्त्रियांना ठेवून घेऊन विनावेतन कपडे धुण्याचे काम करून घेणाऱ्या संस्थांत राहिलेल्या स्त्रियांसाठी २०१३ साली भरपाईची योजना आली आणि तीत वास्तव्याच्या कालावधीनुसार ११,५०० ते १,००,००० युरो देण्याचे ठरले. परंतु २०१७ साली तेथील लोकपालांनी आपल्या अहवालात संबंधित खात्यावर ठपका ठेवला, कारण संस्था चालवणाऱ्या धर्मसंघांच्या नोंदींवर खात्याची अवाजवी भिस्त होती आणि स्त्रियांच्या स्वतःच्या सांगण्याला पुरेसे वजन दिले गेले नव्हते. म्हणून नोंद सापडली नाही तरी विश्वास ठेवता येईल, इतक्या काळजीने शपथपत्र लिहिले पाहिजे.

लिहायला बसण्यापूर्वी योजनेला नेमके काय सिद्ध झालेले हवे आहे, ते अर्जावरून आणि नियमांवरून शोधावे. कॅनडात आदिवासी मुलांना ठेवलेल्या निवासी शाळांबाबतच्या न्यायालयीन तडजोडीत ‘सामायिक अनुभवाची रक्कम’, म्हणजे तेथे राहिलेल्या प्रत्येकाला मिळणारी रक्कम, केवळ वास्तव्यावर ठरत असे, पहिल्या वर्षासाठी १०,००० डॉलर आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी ३,००० डॉलर. तेथे वर्षे दाखवणे हेच मुख्य काम होते. याउलट कॅनडाच्याच ऑन्टारिओ प्रांतातील ह्युरोनिया या बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या संस्थेबाबत २०१३ साली मंजूर झालेल्या ३ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीत कोणती इजा झाली यावर रक्कम अवलंबून होती आणि दावे लेखी अर्जावरूनच तपासले जात होते. जेथे अर्जदाराला समोरासमोर ऐकले जात नाही, तेथे कागदावर जे आले नाही ते निर्णय देणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

त्यानंतर संस्थेकडे, सरकारी खात्याकडे आणि अभिलेखागाराकडे लेखी अर्ज करून आपल्या नोंदी मागाव्यात. ‘नोंद आढळत नाही’ असे उत्तर आले तर ते पत्र जपून ठेवावे आणि सहपत्र म्हणून जोडावे. शोध घेतला होता आणि कागद नसण्याचा दोष अर्जदाराचा नाही, हे त्यावरून दिसते.

शपथपत्र प्रथमपुरुषी, क्रमांक दिलेल्या लहान परिच्छेदांत असावे आणि प्रत्येक परिच्छेदात एकच गोष्ट यावी. स्वतः पाहिलेले, ऐकलेले व सोसलेले एकीकडे आणि इतरांकडून कळलेले दुसरीकडे, हा भेद कसोशीने पाळावा. ऐकीव माहिती द्यायचीच असेल तर ती कोणाकडून कळली ते लिहावे. सर्वांत जास्त घोटाळा तारखांत होतो. सात वर्षांच्या मुलाला तारीख आठवत नसते आणि तशी अपेक्षा ठेवणेही अन्यायाचे आहे. तरीही अंदाजाची तारीख खात्रीची म्हणून लिहिली आणि पुढे एखादी नोंद वेगळी निघाली, तर खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही डळमळतो. ‘मी १९६२ साली दाखल झालो’ असे ठाम लिहिण्याऐवजी असे लिहावे: ‘मला नेले तेव्हा माझी धाकटी बहीण रांगत होती. तिचा जन्म मार्च १९६१ चा आहे, त्यामुळे ते १९६१ च्या अखेरीस किंवा १९६२ च्या सुरुवातीस घडले असावे.’ आठवणीला अशी खुंटी मिळाली की तपासणाऱ्यालाही ती पडताळून पाहता येते. झोपण्याच्या खोलीत खाटा कशा मांडलेल्या होत्या, कपड्यांवर कोणता क्रमांक शिवलेला होता, कोणती घंटा कशासाठी वाजत असे, असे बारकावे तेथे राहिलेल्यालाच ठाऊक असतात आणि वास्तव्याचा पुरावा म्हणून त्यांचे मोल मोठे असते. जे आठवत नाही, ते आठवत नाही असेच लिहावे.

इजेचे वर्णन करताना काय झाले, कोठे, कोणी केले, किती वेळा आणि त्याचे पुढे काय परिणाम झाले, हे अर्जदाराच्याच शब्दांत यावे. मदतनिसाने वाक्ये सजवू नयेत. ‘अमानुष छळ’ या शब्दांपेक्षा ‘रात्रभर दाराबाहेर उभे केले’ हे वाक्य अधिक सांगते. हे काम एका बैठकीत उरकण्याचा आग्रह धरू नये, कारण हे सांगताना माणूस ते पुन्हा भोगत असतो.

त्याच काळात तेथे राहिलेली व्यक्ती, जुना कर्मचारी किंवा भेटायला येणारा नातेवाईक यांचे पुष्टीदायक शपथपत्र मिळाले तर दावा बळकट होतो. साक्षीदाराने अर्जदाराचा मसुदा समोर ठेवून लिहू नये. दोन शपथपत्रांत एकच वाक्ये आढळली की दोन्हींवर संशय येतो. किरकोळ तफावत नैसर्गिक असते, ती जुळवून घेण्याचा मोह टाळावा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना संपूर्ण मजकूर त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा, समजला याची खात्री करावी आणि तसे केल्याचा दाखला शपथ देणाऱ्या अधिकाऱ्याकडून त्यावर लिहून घ्यावा. खुणांनी किंवा चित्रफलकाने बोलणाऱ्यांसाठी दुभाषी घ्यावा. सोबत आलेल्याने त्यांच्या वतीने उत्तरे देऊ नयेत.

सही किंवा अंगठा अधिकाऱ्यासमोरच करावा, घरून करून आणू नये. खाडाखोड झाल्यास दोघांनीही तेथे आद्याक्षरी करावी आणि प्रत्येक सहपत्रावर खुणेचा क्रमांक घालावा. देवाची शपथ घ्यायची नसेल तर सत्यप्रतिज्ञा करता येते. जाणूनबुजून खोटे लिहिणे मात्र दोन्ही प्रकारांत गुन्हा ठरते. पूर्ण प्रत स्वतःजवळ ठेवावी. पुढे आणखी काही आठवले किंवा चूक लक्षात आली, तर मूळ कागदाला हात न लावता पूरक शपथपत्र करावे आणि ती गोष्ट आता कशामुळे आठवली, तेही त्यात लिहावे.