कपिंग करून घेताय? डागाच्या रंगावर जाऊ नका, आणि या चुका टाळा

"मॅडम, मागच्या वेळी डाग फिकेच आले होते. आज जरा जोरात लावा."

आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे वाक्य माझ्या कानावर पडतं. म्हणणारी कधी दिवसभर काउंटरवर मान घालून बसणारी ताई असते, कधी नाशिक-मुंबई फेऱ्या मारणारे टेम्पोवाले दादा असतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि कोरडं कपिंग करते, म्हणजे चिरा न देता नुसते कप लावून, आतली हवा काढून कातडी ओढून धरते. आखडलेल्या पाठीला त्याने मोकळं वाटतं, हे मी रोज बघते. पण कपिंगने त्रास झालेली जी माणसं माझ्याकडे आली, त्यांच्यातल्या बहुतेकांचं दुखणं याच एका समजुतीतून आलं होतं: जास्त ओढलं, जास्त वेळ ठेवलं, जास्त रक्त काढलं की गुण जास्त येतो.

हा उपाय आपल्याला नवा नाही. रक्तमोक्षणासाठी, म्हणजे अंगातलं रक्त काढण्यासाठी, सुश्रुतसंहितेत शिंग, जळू आणि अलाबू, म्हणजे पोकळ भोपळा, अशी साधनं सांगितली आहेत. मराठीतली तुंबडी तीच. युनानी वैद्यकात याला हिजामा म्हणतात, आणि त्यातही नुसता कप लावण्याचा आणि चिरा देऊन रक्त काढण्याचा असे दोन वेगळे प्रकार मानले जातात. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकी जलतरणपटू मायकल फेल्प्सच्या खांद्यावरचे गोल डाग जगाने पाहिले, आणि तेव्हापासून जिममधली मुलंही कप लावून घ्यायला येऊ लागली.

डाग म्हणजे "घाण" नव्हे

कपातली हवा काढली की कातडी आत ओढली जाते आणि तिथला रक्तपुरवठा वाढतो. ओढ जास्त झाली तर कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त तिथेच साकळतं. डाग तो एवढाच. दारावर हात आपटल्यावर जे निळं-जांभळं होतं, त्याच जातीचा. डाग किती गडद येणार हे कप किती ओढला, किती वेळ ठेवला आणि तुमच्या रक्तवाहिन्या किती नाजूक आहेत यावर ठरतं. जिथे काहीच दुखत नाही अशा मांडीवर तोच कप तेवढाच वेळ लावून बघा, तिथेही डाग उठेल. शरीरातली नको ती द्रव्यं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. पाठीच्या कातडीत ती साठून राहिलेली नसतात. "काळा डाग म्हणजे भरपूर टॉक्सिन" असं सांगणारे रंगीत तक्ते भिंतीवर दिसले, तर त्यांच्यावर पैसे खर्च करू नका.

ओल्या कपिंगमध्ये, म्हणजे चिरा देऊन रक्त काढतात त्या प्रकारात, हा गैरसमज आणखी पक्का होतो, कारण तिथे काहीतरी डोळ्यांना दिसतं. दहा मिनिटांनी कप काढला की आत जेलीसारखा, काळपट लाल गोळा थरथरत असतो. तो टिश्यूवर उपडा करून "बघा, किती घाण निघाली" असं दाखवतात. ते नेहमीचंच रक्त असतं. बाहेर आल्यावर काही मिनिटांत रक्त गोठतं, तो त्याचा स्वभावच आहे. गोठलेलं रक्त जेलीसारखंच दिसतं, मग ते कपातलं असो की गुडघा फुटल्यावरचं.

मग फायदा कशाचा? मानेचं आणि कमरेचं दुखणं काही दिवसांपुरतं कमी होतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण हे अभ्यास फारसे भक्कम नाहीत. एक अडचण अशी की कप लावला आहे की नाही हे रुग्णाला कळतंच, त्यामुळे मनाचा परिणाम वेगळा काढणं अवघड जातं. मी रुग्णांना सांगते की मिळालेले हे एक-दोन हलके दिवस वापरायचे असतात. मान वळतेय तोवर हनुवटी मागे घेण्याचा आणि खांद्याची पाती जवळ आणण्याचा व्यायाम सुरू करा. नुसते कप लावून घरी गेलात आणि पुन्हा तशीच मान घालून मोबाइल बघत बसलात, तर पुढच्या सोमवारी दुखणं पुन्हा तिथेच.

वेळ आणि ओढ

पहिल्यांदा लावताना पंप दोन-तीनदाच हलका ओढावा आणि पाच मिनिटांत कप काढावा. सवय झाल्यावरही दहा मिनिटं पुष्कळ झाली. कप लावलेला असताना ताण जाणवला पाहिजे. टोचणं, जळजळणं किंवा मुंग्या येणं हे त्यातलं नाही. असं झालं तर लगेच बोला. बरेच जण दात-ओठ खाऊन पडून राहतात, कारण सहन केलं की गुण येतो असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं.

असेच एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. दुसरीकडे कुठेतरी कप लावून, "आलोच" म्हणून लावणारा माणूस फोनवर बोलायला गेला तो अर्ध्या तासाने परतला. पाठीवर रुपयाच्या नाण्याएवढे चार फोड, पाण्याने टरारलेले. शर्ट घालता येईना. फोड आले तर ते फोडू नका. स्वच्छ कोरड्या गॉजने झाका आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर त्याच दिवशी. त्यांना बरं व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागले, आणि मूळचं दुखणं होतं तिथेच राहिलं.

जुना डाग पुरता गेल्याशिवाय त्याच जागी पुन्हा कप लावू नये. साधारण आठवडा-दहा दिवसांत डाग जातो. आपल्या सावळ्या कातडीवर कधी कधी तपकिरी छटा जास्त दिवस रेंगाळते, तेव्हा लग्नकार्य जवळ असेल तर बेत पुढे ढकला.

घरच्या घरी सिलिकॉनचे कप वापरणाऱ्यांच्या दोन तक्रारी नेहमी येतात. पहिली, कप चिकटत नाही. याचं कारण बहुधा केस, कोरडी कातडी किंवा खाली हाड असतं. थोडं तेल लावा आणि कप मांसल भागावर ठेवा. मणक्यावर किंवा खांद्याच्या टोकावर तो बसणारच नाही. दुसरी, कप निघत नाही. ओढू नका. कपाच्या कडेला लागून कातडी बोटाने दाबा, हवा आत शिरली की तो आपोआप सुटतो.

आग घरात नको

काचेच्या कपात स्पिरिटचा पेटता बोळा क्षणभर फिरवून कप पाठीवर ठेवतात. आतली गरम हवा थंड होताना आकसते आणि कप धरतो. शिकलेल्या हातात हे सुंदर दिसतं. पण बोळ्यातून स्पिरिट टपकलं, कपाची कड तापली, वरचा पंखा सुरू राहिला किंवा अंगावर पॉलिएस्टरचा कपडा असला की भाजायला वेळ लागत नाही. हवा पंपानेही निघते. घरात आगीची गरज नाही.

याच्याशी जोडलेली आपल्याकडची एक जुनी पद्धत म्हणजे तांब्या लावणे. पोट दुखलं, "बेंबी सरकली" असं म्हटलं की पोटावर कणकेचा दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालायचा. माझी आजीही लावायची आणि मी लहानपणी ते मोठ्या कुतूहलाने बघितलं आहे. तरीही आज कळकळीने सांगते, पोटात अचानक जोरात दुखत असेल, उलट्या किंवा ताप असेल, दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकत असेल, तर तांब्या बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. ते अपेंडिक्स असू शकतं, आणि तिथे गेलेला एकेक तास महागात पडतो.

ओलं कपिंग म्हणजे छोटी शस्त्रक्रियाच

कोरड्या कपिंगमधली चूक बहुधा फोडांवर भागते. ओल्यात तसं नसतं, कारण तिथे कातडी उघडी होते. मी स्वतः ते करत नाही. ज्यांना करून घ्यायचं असेल त्यांनी हिजामाचं प्रशिक्षण घेतलेल्या, नोंदणीकृत डॉक्टरांकडेच जावं आणि नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये. एखाद्या प्रदर्शनातल्या स्टॉलवर किंवा सलूनच्या मागच्या खोलीत हे कधीच नाही.

पलंगावर पडण्याआधी खोली बघा. ब्लेडचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. कप नवे हवेत. "उकळून घेतलेत" हे उत्तर पुरेसं नाही, कारण हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. हातमोजे नवे हवेत. आणि कोपऱ्यात कचऱ्याचे डबे हवेत: रक्त लागलेल्या कापसासाठी पिवळी पिशवी, प्लास्टिकच्या कपांसाठी लाल, ब्लेडसाठी न टोचणारा पांढरा डबा. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत ते. वापरलेलं ब्लेड साध्या केराच्या टोपलीत पडताना दिसलं, तर चप्पल घालून बाहेर पडा. दिलेले पैसे गेले तरी चालतील.

रक्त किती काढतात, हेही विचारा. NFHS म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. म्हणजे थकवा आणि अंगदुखी घेऊन येणाऱ्या बाईच्या अंगात मुळातच रक्त कमी असण्याची शक्यता मोठी. तिचं रक्त "शुद्धीसाठी" दर महिन्याला काढत राहिलं, तर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला अशी गत होते. आधी हिमोग्लोबिन तपासा. ते कमी असेल तर ओलं कपिंग नकोच.

हिजामासाठी चांद्र महिन्याची १७, १९ आणि २१ तारीख पाळण्याची मुस्लिम समाजात परंपरा आहे. त्या दिवशी केंद्रावर गर्दी असेल तर घाईने आपली स्वच्छता वगळली जात नाही ना, एवढं पाहा. रोजा किंवा एकादशीच्या उपवासात, उपाशीपोटी रक्त काढून घेतलं की भोवळ येण्याची भीती असते. भोवळ आली तर कप काढून माणसाला आडवं करा, पाय थोडे उंच करा आणि लगेच उठू देऊ नका. नंतर चिरा दिलेली जागा दिवसभर कोरडी ठेवा. दोन दिवसांनंतर लाली पसरत असेल, जागा गरम लागत असेल, पू किंवा ताप आला असेल तर हळद-लेपावर वेळ घालवू नका.

कुणी थांबावं

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि कपिंगसाठी ती गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नये. बायपास किंवा स्टेंट झालेल्यांना हे मी दोनदा सांगते. डेंग्यूतून नुकतंच उठलेलं माणूस, रक्त लवकर न गोठण्याचा आजार असलेलं, आटोक्यात नसलेली साखर, फुगलेल्या शिरा, गरोदरपण, लहान मुलं: इथे कप नको. सोरायसिस असेल तर कातडीला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. जखमेचा व्रण जाड होऊन वाढण्याची ज्यांची प्रकृती आहे त्यांनी चिरा टाळाव्यात. पुढे रक्तदान शिबिरात गेलात तर ओलं कपिंग केव्हा केलं ते तिथे सांगा.

आणि काही दुखणी स्नायूंची नसतातच. कमरेसोबत दोन्ही पायांत बधिरपणा येणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा पाठ आणि डावा खांदा भरून येऊन घाम फुटणं. शेवटच्या लक्षणात तर कप, बाम, शेक यांतलं काही न करता थेट हॉस्पिटल.

सुरुवातीचं ते वाक्य म्हणणाऱ्या एका ताईंना मी जोरात कप लावले नाहीत. दोन-दोन ओढे, सहा मिनिटं, गुलाबीसर वर्तुळं. त्या जरा नाराज होत्या. मग खुर्चीवर बसवून मान डावीकडे वळवायला सांगितली. येताना खांद्यापर्यंतही न पोचलेली हनुवटी आता खिडकीतल्या तुळशीपर्यंत वळत होती. "अजून थोडी," मी म्हटलं, आणि व्यायामाचा कागद त्यांच्या हातात दिला.